कोंडिविट्याचें जुनें ख्रिस्तमंदिर आणि आपलें कर्तव्य

एखादी जुनी वास्तु नाहींशी झाली म्हणजे ती कोणीं पाडली, असा प्रश्न आपण प्रथम विचारतों. शत्रूनें पाडली, सरकारनें पाडली, कीं एखाद्या धनिकानें नवी इमारत उठविण्यासाठीं पाडली? कधीं कधीं याचें उत्तर सरळ मिळतें. परंतु पुष्कळ वेळां शोध करूं जातां असें आढळून येतें कीं, तिला कुदळ लागण्यापूर्वींच ती अर्धी पडलेली होती. कौल सरकलें तें कोणीं बसविलें नाहीं. भिंतींत पिंपळ उगवला तो कोणीं उपटला नाहीं. दप्तराला वाळवी लागली तें कोणीं उन्हांत घातलें नाहीं. असें होतां होतां एके दिवशीं कोणी तरी म्हणतो कीं, ही इमारत आतां धोक्याची झाली आहे, ती पाडलेलीच बरी. आणि तें त्या वेळीं खरेंहि असतें.

म्हणून जुनीं देवस्थानें कशीं वांचतात, या प्रश्नापेक्षां तीं कशीं मरतात, हा प्रश्न आधीं शिकण्यासारखा आहे. तो शिकविण्यास मुंबईजवळच्या कोंडिविटें येथील ख्रिस्तमंदिराइतकें चांगलें उदाहरण क्वचितच मिळेल. तें अद्यापि पुरें मेलेलें नाहीं आणि पुरें वांचलेलेंहि नाहीं. आणि तें वांचवावें म्हणून त्या भागांतील ख्रिस्ती लोकांची खटपट चालू आहे.

जळगांव-भुसावळकडून मुंबईस जाणारी आगगाडी कळव्याजवळ खाडी ओलांडून ठाण्यास येते, तेव्हां ती साष्टी नांवाच्या मोठ्या बेटावर पाऊल ठेवते. आज हें सारें बेट मुंबईच्या वस्तीनें इतकें भरून गेलें आहे कीं, त्याचें बेटपण कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु चारशें वर्षांपूर्वीं येथें भातशेती करणाऱ्यांचीं, ताडामाडांवर निर्वाह करणाऱ्यांचीं व कोळ्यांचीं लहान लहान गांवें होतीं. वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट पंथांचे धर्मोपदेशक या गांवांतून फिरूं लागले, आणि कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि जातींतील पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. त्यांची भाषा मात्र मराठीच राहिली, आणि लग्नाकार्यांतील गाणींहि मराठींतच राहिलीं. पुढें १८८७ सालीं या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण करून मुंबईंत आपली संस्था स्थापिली. नांव इंग्रजी असलें तरी माणसें येथल्याच मातीचीं आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

याच साष्टींत, अंधेरीच्या पूर्वेस, महाकालीच्या बौद्ध लेण्यांजवळ, कोंडिविटें हें गांव होतें. तेथें जेझुइट पाद्र्यांनीं १५७९ सालीं एक ख्रिस्तमंदिर बांधिलें. पुढें १५८८ सालीं, बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाच्या दिवशीं, म्हणजे २४ जून रोजीं, तें सर्व लोकांच्या उपासनेसाठीं उघडण्यांत आलें. मानुएल गोम्स हे त्या वेळचे तेथील धर्मगुरु होत. मंदिरास नांवहि त्याच संताचें दिलें. कोंकणांत २४ जून म्हणजे मृग सरून आर्द्रा लागलेली असते. शेतांत चिखल, आकाशांत ढग आणि घरोघर भाताच्या कामाची घाई. अशा दिवसांत गांवकरी मंदिरांत जमत आणि सण करून पुन्हां शेतावर जात, असें चित्र आपणांस सहज डोळ्यांपुढें आणतां येईल.

या मंदिरानें किती राज्यें पाहिलीं! १७३७ ते १७३९ या मोहिमेंत साष्टी व वसई मराठ्यांच्या हातीं आलीं. १७७४ सालीं साष्टी इंग्रजांनीं घेतली. वसईच्या मोहिमेंतील म्हणून सांगितली जाणारी, १७२१ सालची एक पोर्तुगीज घंटा नाशिकास गोदावरीच्या तीरीं नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. आपणांपैकीं कित्येकांनीं ती पाहिली असेल. मोठमोठीं राज्यें गेलीं, घंटा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेल्या, तरी कोंडिविट्याची उपासना थांबली नाहीं.

ती थांबविली सांथीनें. १८४० सालीं गांवांत रोगाची मोठी सांथ आली आणि लोक घरेंदारें सोडून जवळच मरोळ येथें राहावयास गेले. जातांना त्यांनीं बाप्तिस्म्याचें पात्र, तीन वेद्या, खांब आणि मूर्ति आपल्याबरोबर नेल्या, व मरोळ येथें नवें ख्रिस्तमंदिर उभारून त्यांत त्या मांडल्या. हें नवें मंदिर सुवार्तिक संत योहान याच्या नांवाचें आहे. या लोकांस दोष देण्याचें कारण नाहीं. मृत्यु दाराशीं उभा असतां त्यांनीं जें नेण्यासारखें होतें तें नेलें, आणि आपली मंडळी मोडूं दिली नाहीं. नेतां आल्या नाहींत त्या भिंती. त्या तेथेंच राहिल्या.

पुढें सुमारें सव्वाशें वर्षें त्या भिंतींवर पाऊस पडत राहिला. नंतर १९७३ सालीं सरकारनें या भागांत परदेशीं पाठवावयाचा माल तयार करण्याकरितां एक मोठें औद्योगिक क्षेत्र स्थापिलें. त्यास ‘सीप्झ’ असें म्हणतात. प्रथम तेथें इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आले. मागाहून हिरे व दागिने यांचाहि मोठा व्यापार चालूं लागला. अशा क्षेत्रांत जकातीचे नियम निराळे असल्यामुळें त्याला कुंपण असतें, फाटकावर पहारा असतो, व परवान्यावांचून कोणासहि आंत जातां येत नाहीं. आमचें जुनें मंदिर या कुंपणाच्या आंत सांपडलें. पूर्वीं लोकांनीं मंदिर सोडलें होतें; आतां लोकांस जावेसें वाटलें तरी वाट राहिली नाहीं.

येथून या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. मरोळ, अंधेरी आणि साष्टींतील इतर गांवठाणें येथील ईस्ट इंडियन लोकांनीं अशी मागणी लावून धरिली कीं, हें मंदिर आमच्या पूर्वजांचें आहे. तें पाडूं नये, पडूं देऊं नये. त्याची डागडुजी व्हावी. आणि तेथें जाऊन उपासना करण्यास आम्हांस मोकळीक असावी. वर्षांतून एकदां परवानगी काढून ते त्या भग्न भिंतींच्या आंत जमूं लागले. वर छप्पर नाहीं, खालीं फरसबंदी नाहीं. आकाशाखालीं वेदी मांडावयाची, मिस्सा करावयाचा आणि सायंकाळच्या आंत पुन्हां फाटकाबाहेर पडावयाचें. म्हातारीं माणसें नातवंडांस बरोबर घेऊन येतात आणि सांगतात कीं, आपलें मूळ येथलें.

वरवर पाहतां हें फार लहान काम दिसतें. पण विचार केला म्हणजे त्यांतील शहाणपण दिसून येतें. जी वास्तु कोणी वापरीत नाहीं तिच्याविषयीं दोन गोष्टी अवश्य होतात. एक, तिची जागा दुसऱ्याच्या डोळ्यांत भरते. दोन, तिच्याविषयीं भुताखेतांच्या गोष्टी उठतात. कोंडिविट्याच्या मंदिराविषयींहि अशा गोष्टी उठल्या आहेत. जेथें आपले पणजोबा-खापरपणजोबा बाप्तिस्मा पावले, त्या स्थळाची पोरांसोरांनीं भीति बाळगावी, याहून दुःखाची गोष्ट कोणती? जेथें वर्षाकांठीं एकदां तरी मेणबत्ती लागते आणि लहान मुलें खेळतात, तेथें भुतांची गोष्ट फार दिवस टिकत नाहीं. आणि ‘ही पडीक जागा आहे’ असेंहि कोणाला म्हणतां येत नाहीं. वर्षांतून एकदां जाणें हा त्या लोकांचा मोठा अर्ज आहे, आणि तो ते पायांनीं लिहितात.

आतां दगडाच्या भिंती उभ्या असतांहि मंदिर कसें मरतें, तें पाहूं. साष्टींतील जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या भिंती दगडचुन्याच्या व छप्पर लांकडाचें आणि कौलांचें असे. आपल्या खानदेशांतील धाब्याच्या घरांत राहणाऱ्यांस हें समजावून सांगावयास नकोच. धाब्यावर दरवर्षीं मृगापूर्वीं खारी माती टाकली नाहीं, तर पहिल्याच जोराच्या पावसांत घर गळूं लागतें. दुसऱ्या वर्षीं कड्या कुजतात. तिसऱ्या वर्षीं माळवद खालीं येतें. कौलारू मंदिराचेंहि असेंच आहे. एक कौल सरकलें कीं वासा भिजतो. वासा कुजला कीं छप्पर खचतें. छप्पर पडलें कीं भिंतीचा माथा उघडा पडतो. मग पाणी वरून भिंतीच्या पोटांत शिरतें, चुना धुऊन जातो, सांध्यांत पक्ष्यांनीं टाकलेलें पिंपळाचें बीं रुजतें, आणि त्याचीं मुळें दगडांस दूर लोटतात. ज्या दुरुस्तीस पहिल्या वर्षीं शिडी, कौल आणि एक गडी पुरला असता, तिला पन्नास वर्षांनंतर लाखों रुपये पुरत नाहींत. कित्येकदां चांगल्या हेतूनें केलेली दुरुस्तीहि अपायकारक होते. जुन्या चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला म्हणजे भिंत बाहेरून नवी दिसते. पण आंतली ओल बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यामुळें ती आंतल्या आंत भिंत खाते.

याचें मोठें उदाहरण गोव्यांत आहे. जुन्या गोव्यांत संत ऑगस्टिन याच्या नांवाचें एक भव्य ख्रिस्तमंदिर सतराव्या शतकाच्या आरंभीं पुरें झालें होतें. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें तेथील मठ बंद केले. साधु गेले, आणि मंदिराची काळजी वाहणारें कोणी उरलें नाहीं. अवघ्या सात वर्षांत, १८४२ सालीं, त्याची कमान खालीं आली. १९३१ सालीं दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. आज मनोऱ्याचा एक उंच तुकडा तेवढा आकाशांत उभा आहे. तेथील मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या ख्रिस्तमंदिरांत वाजत आहे. या मंदिरावर कोणी शत्रु चालून आला नव्हता. तें बंद झालें, एवढेंच.

पण त्याच भग्न जागेनें एक आश्चर्यहि दाखविलें. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिचा १६२४ सालीं इराणांत शिराझ येथें तिच्या धर्मनिष्ठेसाठीं वध झाला. तिच्या अस्थींचा अंश ऑगस्टिनियन साधूंनीं गोव्यास आणून या मठांत ठेविल्याचें जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलें होतें. त्या कागदांच्या आधारें पुरातत्त्व खात्यानें शोध केला, अस्थि सांपडल्या, त्यांची शास्त्रीय परीक्षा झाली, आणि २०२१ सालीं भारत सरकारनें तो अवशेष जॉर्जियास सन्मानपूर्वक अर्पण केला. मंदिर पडलें तरी कागद राहिले होते, म्हणून तीनशें नव्वदांहून अधिक वर्षांनीं एका राष्ट्रास आपली राणी परत मिळाली.

कांहीं वास्तु विसरल्यामुळें जातात, तर कांहीं प्रेमामुळेंहि जातात, हेंहि सांगितलें पाहिजे. मुंबईंत माहीमचें संत मिखाएलाचें ख्रिस्तमंदिर आणि दादरचें ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून प्रसिद्ध असलेलें मंदिर, या दोन्ही संस्था सोळाव्या शतकांतील आहेत. दोन्ही ठिकाणच्या आजच्या इमारती मात्र १९७० नंतरच्या दशकांतील आहेत. दादरची नवी वास्तु चार्ल्स कोरिया या विख्यात शिल्पकारानें रचिलेली आहे. तेथें मंडळी मोठी झाली, जुनी जागा पुरेना, आणि लोकांनीं नवें घर बांधिलें. तेथें उपासना जिवंत आहे, ही गोष्ट आनंदाचीच होय. तरी पण अशा प्रसंगीं जुन्याचा एखादा भाग राखून नवें बांधतां येईल काय, हा प्रश्न कुदळ उचलण्यापूर्वीं विचारला पाहिजे. कारण मागाहून त्याचें उत्तर देण्यास कांहीं शिल्लक राहत नाहीं.

मंडळीच्या पुढाऱ्यांनींच पाडण्याचें ठरविलें आणि लोकांनीं तें थांबविलें, असें एक प्रसिद्ध प्रकरण लंडन शहरांत घडलें. १६६६ सालच्या मोठ्या आगीनंतर ख्रिस्तोफर रेन या शिल्पकारानें तेथें पन्नासांवर ख्रिस्तमंदिरें बांधिलीं. पुढें शहराच्या त्या भागांत राहतीं घरें जाऊन पेढ्या व कचेऱ्या आल्या. रविवारीं मंदिरांत माणसें दिसेनाशीं झालीं. जमिनीची किंमत मात्र अतोनात वाढली. तेव्हां पहिल्या महायुद्धानंतर, लंडनच्या बिशपांनीं नेमलेल्या एका मंडळानें अशी शिफारस केली कीं, शहरांतील एकोणीस मंदिरें काढून टाकावीं आणि जागांच्या विक्रीचा पैसा, जेथें नव्या वस्त्या होत आहेत तेथें नवीं मंदिरें बांधण्याकडे लावावा. हेतु वाईट नव्हता. परंतु शहरच्या नागरिकांनीं, नगरसंस्थांनीं आणि जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं १८७७ सालीं विल्यम मॉरिस यानें स्थापिलेल्या संस्थेनें कसून विरोध केला. एकेका मंदिराचें वर्णन, इतिहास व नकाशे प्रसिद्ध करण्यांत आले. अखेरीस १९२६ सालीं हा ठराव पार्लमेंटच्या लोकसभेपुढें आला, आणि सभेनें तो फेटाळून लावला. पुढेंहि एखाददुसरें मंदिर गेलेंच, आणि दुसऱ्या महायुद्धांतील बाँबनीं पुष्कळ नुकसान केलें. परंतु एकोणीस मंदिरें एका दमांत जाणार होतीं, तीं गेलीं नाहींत. ओरड करणारे पुष्कळ असतात. येथें ओरडीच्या पाठीशीं माहिती होती, म्हणून ती ऐकली गेली.

आणखी एक नवल ऐका. चेकोस्लोव्हाकियांत मोस्त नांवाच्या गांवाखालीं कोळसा सांपडला, म्हणून सरकारनें तें सारें जुनें गांव पाडलें. तेथील सोळाव्या शतकांतील ख्रिस्तमंदिर मात्र १९७५ सालीं अखंडच्या अखंड रुळांवर चढवून ८४१ मीटर दूर नेऊन ठेविलें! यंत्रविद्येचा हा मोठाच पराक्रम. पण त्यांत एक खिन्न करणारी गोष्टहि आहे. मोस्तला मंदिर राहिलें आणि त्याच्या भोंवतालचें गांव गेलें. कोंडिविट्यास मंडळी राहिली आणि मंदिर ओस पडलें. या दोहोंवरून कळतें कीं, वास्तु आणि मंडळी यांचा संबंध देह व प्राण यांच्यासारखा आहे. एकाची ताटातूट झाली म्हणजे दुसऱ्याची शोभा जाते.

या सर्व गोष्टींवरून जुन्या देवस्थानांचें रक्षण करण्यास तीन साधनें लागतात, असें दिसून येतें.

पहिलें साधन वापर होय. कुलूप हा वास्तूचा सर्वांत मोठा शत्रु आहे. वर्षांतून एकदां कां होईना, लोकांनीं तेथें गेलें पाहिजे.

दुसरें साधन कागद होत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, जमिनीचे दाखले, मोजणीचे नकाशे, जुन्या पावत्या, छायाचित्रें, हीं सर्व जपून ठेविलीं पाहिजेत. ‘हें आमचें आहे’ असें म्हणणाऱ्याला सरकार व न्यायालय ‘कशावरून?’ असें विचारतें. त्या वेळीं अश्रु पुरत नाहींत, दाखला लागतो. कागदांचें महत्त्व खानदेशाला परक्यानें शिकवावें असें नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचीं दप्तरें गोळा केलीं, १८९८ सालापासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध केलीं, आणि १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं धुळ्यासच देह ठेविला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ दुसऱ्याच वर्षीं धुळ्यांत स्थापन झालें. तसेंच चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला होता. तो मठ राहिला नाहीं. परंतु तेथील देवळांतील तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख राहिला, आणि डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणिला, म्हणून ही गोष्ट जगाला कळली.

तिसरें साधन दुरुस्ती. येथें पवित्र शास्त्रांतील योवाश राजाची गोष्ट आठवावी. यरुशलेमांतील मंदिर मोडकळीस आलें होतें. दुरुस्तीसाठीं पैसा जमत असे, परंतु राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष आलें तरी काम झालें नाहीं. तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडलें, आणि ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजीत, आणि ते सुतारांस, गवंड्यांस व पाथरवटांस देत. मंदिर दुरुस्त झालें. भक्ति त्या लोकांजवळ पूर्वींहि होती. नव्हती ती निराळी पेटी आणि दोघांनीं मिळून करावयाची मोजदाद. नहेम्यानें यरुशलेमाचा तट बांधिला, तेव्हां बहुतेकांनीं आपापल्या घरासमोरचा भाग उचलला, तेंहि याच जातीचें शहाणपण.

कोणी पालक म्हणतील, ‘देव दगडांत राहत नाहीं, मंडळी म्हणजे माणसें. पडक्या भिंतींवर खर्च करण्यापेक्षां तोच पैसा शाळेला किंवा दवाखान्याला कां देऊं नये?’ हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्याला हंसून उडवून देणें योग्य नव्हे. भुकेल्याच्या तोंडचा घांस काढून घुमट सोन्यानें मढवावा, असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु कोंडिविट्याचे लोक सोनें मागत नाहींत. ते वाट मागतात, आणि पाण्यापासून भिंती राखण्याची परवानगी मागतात. दुसरें असें कीं, ज्या समाजाचीं शेतें गेलीं, गांवठाणांभोंवतीं उंच इमारती उठल्या, त्याला आपण या भूमीवर कालपरवां आलों नाहीं हें आपल्या मुलांस दाखविण्यास जागा कोठें उरली? पुस्तकांत वाचलेलें मूल विसरतें. हात लावून पाहिलेला दगड विसरत नाहीं. शेजारच्या महाकालीच्या लेण्यांतून भिक्षु जाऊन शतकें लोटलीं, तरी तीं केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्यानें संरक्षित केलेलीं आहेत, आणि तें योग्यच आहे. मग ज्या मंदिराचे वंशज हयात आहेत आणि हाक मारीत आहेत, त्याची उपेक्षा कां व्हावी?

आतां आपल्याकडे वळूं. खानदेशांतील ख्रिस्तमंदिरें साष्टीच्या मानानें तरुण आहेत. तीं बहुतेक आगगाडी आणि मिशन यांच्या काळांतलीं. म्हणजे त्यांचें म्हातारपण यावयाचें आहे, आणि त्यांची काळजी घेण्याची वेळ हीच आहे. साठ-सत्तर वर्षांनीं मोहीम काढण्यापेक्षां आज शिडी लावणें सोपें. म्हणून मोठ्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें, आपलें उपासनास्थान चर्च असो, देऊळ असो वा मशीद असो, पुढील गोष्टींचा शोध करावा, व वडील माणसांस विचारून वहींत उत्तरें लिहावीं :

१. ही वास्तु कोणत्या सालीं बांधिली? तें साल कोठें कोरलेलें अगर लिहिलेलें आहे?

२. भिंती कशाच्या आहेत, दगडाच्या, विटांच्या कीं मातीच्या? सांधा चुन्याचा आहे कीं सिमेंटचा?

३. पावसाळ्यांत पाणी कोठें गळतें? भिंतीवर किंवा शिखरावर पिंपळ-वडाचें रोप आहे काय? असल्यास वडीलधाऱ्यांस दाखवावें. स्वतः चढूं नये.

४. सर्वांत जुनी नोंदवही कोणत्या सालची आहे? ती कोणाजवळ, कोणत्या कपाटांत आहे, आणि वाळवीपासून सुरक्षित आहे काय?

५. जमिनीचा दाखला कोणाच्या नांवें आहे?

६. दुरुस्तीसाठीं निराळी पेटी आहे काय, आणि ती दोघे मिळून मोजतात काय?

यांपैकीं चौथ्या व पांचव्या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यास थोडा त्रास पडेल, आणि पुष्कळ ठिकाणीं ‘माहीत नाहीं’ असें उत्तर येईल. तें जसेंच्या तसें लिहून ठेवावें, आणि वहीं मंडळीच्या पंचांस दाखवावी. कोंडिविट्याचे लोक आज ज्या वाटेसाठीं अर्ज करीत आहेत, ती वाट आपल्या दारांत मोकळी आहे. तिच्यावर गवत माजूं न देणें, एवढेंच आपलें काम.